सही करण्याआधी वाघ्याची ताटली कुठे होती ते बघा

पत्र असं आहे, थोडं कापून देते :

"ताई, नमस्कार. मी निवृत्त प्राथमिक शिक्षक. सोलापुरात हैदराबाद रोडच्या बाजूला एका वसाहतीत राहतो. आमच्या बोळात वाघ्या नावाचा कुत्रा आहे. तीनेक वर्षांचा, अंगावर तपकिरी पट्टे. तसा कुणाचाच नाही, पण समोरच्या विडी वळणाऱ्या अक्का त्याला दोन वेळ भाकरी घालतात. गेल्या रविवारी शेजाऱ्यांच्या 9 वर्षांच्या नातवाला तो चावला. पोरगा सुट्टीला पुण्याहून आलाय. मनगटाच्या वर दोन दात लागले, रक्त आलं. हळद लावली, जवळच्या दवाखान्यात एक इंजेक्शन दिलं. आता बोळातल्या लोकांनी महापालिकेला द्यायला अर्ज लिहिलाय. 'वाघ्या नावाचा कुत्रा हिंस्र व पिसाळलेला असून त्याने अनेकांना चावे घेतलेले आहेत, तरी त्यास कायमचा उचलून न्यावा.' 31 सह्या झाल्यात. गुरुजींची सही असली की अर्जाला वजन येतं म्हणून माझ्या मागे लागलेत. याआधी गेल्या गणपतीत तो एका कुरिअरवाल्याच्या मागे लागला होता, पँट फाटली. आणि हिवाळ्यात एकदा रात्री दोनला पाणी सुटलं तेव्हा एक बाई तो अंगावर आला म्हणून पळताना पडली, मनगट मोडलं. अक्का माझ्या दारात येऊन रडून गेल्या. खरं सांगायचं तर मलाही त्याची भीती वाटते, रात्री काठी घेऊनच बाहेर पडतो. सही करू का? आणि कुत्रा हिंस्र आहे की नाही, हे ठरवायचं कसं?"

गुरुजी, नमस्कार.

तुमच्या पत्रात कुत्र्याबद्दल पानभर मजकूर आहे आणि पोराबद्दल दोन ओळी. मी त्या दोन ओळींवरच अडकले. "हळद लावली, एक इंजेक्शन दिलं." म्हणून सदराची वाट न बघता मंगळवारी संध्याकाळीच तुम्हाला फोन केला. तो केसपेपर शोधायला तुम्हाला अर्धा तास लागला आणि मग तुम्ही चष्मा लावून वाचून दाखवलंत. ते इंजेक्शन धनुर्वाताचं होतं. रेबीजची लस पोराला मिळालेलीच नव्हती.

हे इथे पुन्हा लिहिते, कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी उद्या हेच होणार आहे. कुत्रा चावला की पहिलं काम नळाखाली. साबण लावून वाहत्या पाण्यात 15 मिनिटं जखम धुवायची. 15 मिनिटं म्हणजे घड्याळ बघून, नाहीतर आपली 15 मिनिटं दोनमध्ये संपतात. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं म्हणून काटकसर करू नका, पिंप रिकामं झालं तरी चालेल. हळद, चुना, तिखट, कातडं जाळून केलेली राख, यातलं काहीही लावायचं नाही. मग सरकारी दवाखान्यात जायचं, लस तिथे मोफत मिळते. दंडात घेतली तर 0, 3, 7, 14 आणि 28 व्या दिवशी असे पाच डोस. कातडीत देतात ती पद्धत असेल तर 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर लसीबरोबर आणखी एक औषध जखमेतच टोचतात, इम्युनोग्लोब्युलिन. लस शरीराला लढायला शिकवते आणि त्या शिकण्याला काही दिवस जातात. तोवर हे औषध दारात उभं राहतं. उशीर झाला म्हणून "आता काय उपयोग" असं म्हणत घरी बसायचं नाही, कारण हा आजार अंगात शिरल्यावर साधारण दोन-तीन महिने दबा धरून राहू शकतो. मात्र एकदा लक्षणं दिसली की जवळजवळ कुणीच वाचत नाही.

तुमच्या शेजाऱ्यांनी बुधवारी सकाळीच नातवाला सिव्हिलला नेलं, हे वाचून मी सुटकेचा श्वास टाकला. पोरगा पुण्याला परत जाईल तेव्हा डोसांचं कार्ड त्याच्या दप्तरात नाही, आईच्या पर्समध्ये द्या.

आता वाघ्या.

तुमच्या अर्जात एका ओळीत दोन आरोप आहेत, हिंस्र आणि पिसाळलेला. लिहिणाऱ्याला ते एकच वाटले असावेत. पिसाळलेला म्हणजे रेबीज झालेला. तो आजार आहे. हिंस्र हा स्वभाव. पहिल्याचा निकाल आपण, नगरसेवक किंवा 31 सह्या लावू शकत नाहीत, तो दहा दिवस लावतात. चावण्याच्या वेळी कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतील, तर तो साधारण दहा दिवसांच्या आत आजारी दिसतो आणि मरतो. म्हणूनच डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात : कुत्रा दिसतो का, जिवंत आहे का, खातो का? लस त्या उत्तराची वाट बघत थांबवायची नसते. ती लगेच सुरू होते आणि पुढच्या डोसांचं काय करायचं ते दहा दिवसांनी डॉक्टर ठरवतात, आपण नाही.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1978 साली आम्ही साखर पेठेत एका वाड्यात राहायचो. माझा धाकटा भाऊ तेव्हा 7 वर्षांचा. मिलचा भोंगा झाला की कामगारांची रीघ लागायची आणि त्या गर्दीत मोत्या नावाचा कुत्रा बावचळायचा. एका दुपारी तो भावाच्या पोटरीला चावला. तासाभरात पेठेतल्या चार जाणत्या माणसांनी काठ्या घेऊन त्याला ओढ्याकाठी गाठलं आणि संपवलं. वडिलांनी त्यांचे आभार मानले, चहा पाजला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रा कुठाय?" वडील म्हणाले, "मारला." डॉक्टर काहीच बोलले नाहीत, नुसते कागदावर लिहीत राहिले. त्या काळी मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस असायची, पोटात 14 इंजेक्शनं. मोत्या जिवंत असता आणि दहा दिवस धडधाकट राहिला असता तर त्यातली काही वाचली असती. भाऊ चौदाच्या चौदा सोसून उठला. आजही कुणी पोटाला गुदगुल्या करायला हात पुढे केला तर तो मागे सरकतो, नातवाचा हात असला तरी. ती लस 2005 च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. काठ्यांची खोड मात्र गेलेली नाही.

म्हणून तुम्हाला फोनवर म्हटलं, दहा दिवस पुरे होईपर्यंत अर्ज खिशात ठेवा आणि वाघ्यावर नजर ठेवा. वाघ्याला त्या दिवसांत कुणी उचलून नेलं असतं किंवा हाकलून दुसऱ्या वस्तीत सोडलं असतं, तर तुमच्या शेजाऱ्यांच्या हातातलं घड्याळच गेलं असतं. काल तुमचा निरोप आला. दहा दिवस झाले, वाघ्या अक्कांच्या ओट्याखाली झोपलाय, कालची भाकरी त्याने शेंगाचटणीसकट खाल्ली. तेव्हा अर्जातला "पिसाळलेला" हा शब्द आजच खोडा. तो खोटा ठरलाय.

इथे एक आणखी. मे महिन्यात सोलापूर 43 अंशांवर गेलं की प्रत्येक कुत्रा जीभ लोंबवून, लाळ गाळत, शेपूट खाली सोडून फिरतो. त्याला घाम येत नाही आपल्यासारखा, जिभेवाटेच गारवा मिळवायचा असतो. लोक लगेच म्हणतात, पिसाळला. खरा पिसाळलेला कुत्रा कधी लाकूड-दगड काहीही चावत सुटतो. कधी उलट एकदम गप्प होतो, अंधारात कोपऱ्यात जाऊन पडतो, जबडा लोंबतो, आवाज घोगरा होतो. ही दुसरी जात जास्त धोक्याची, कारण कनवाळू माणसं "बिचाऱ्याच्या घशात हाडूक अडकलंय" म्हणून तोंडात हात घालायला जातात.

उरला "हिंस्र".

तुम्ही शिक्षक होतात, शाळा सोडल्याचे दाखले तुम्ही शेकड्यांनी लिहिले असतील. त्यात "वर्तणूक" असा एक रकाना असतो. खिडक्या फोडणाऱ्या पोराच्या दाखल्यावरसुद्धा आपण तिथे "चांगली" लिहितो, कारण आपल्याला ठाऊक असतं की तो एक शब्द त्याच्यामागे जन्मभर जाईल. इथे उलटं चाललंय. वाघ्याच्या रकान्यात लिहायचा शब्द 31 जणांनी ठरवलाय, आणि त्यातल्या कितीजणांनी त्याला चावताना पाहिलं? मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, एकानेही नाही. रविवारी दुपारी साडेबाराला बोळात कोण असणार, सगळे कूलरसमोर.

मराठीत दोन शब्द आहेत आणि आपण ते नकळत नीट वापरतो. एक चावलेला कुत्रा, दुसरा चावरा कुत्रा. पहिल्यात घटना आहे, दुसऱ्यात खोड. एखादं पोर एकदा खोटं बोललं म्हणून आपण त्याला खोटारडा म्हणत नाही. घटनेवरून खोडीपर्यंत जायचं असेल तर मधे काही प्रश्न येतात. चावण्याआधी काय झालं? दात किती खोल गेले? एकदाच लागले की धरून झटकलं? सोडून मागे सरकला की पुन्हा अंगावर आला? आणि हे याआधी किती वेळा झालं?

पहिला प्रश्न तुम्हीच पोराला विचारलात, आणि मला वाटतं तुमच्याइतका चांगला कुणालाच विचारता आला नसता. "तू काय केलंस?" असं न विचारता तुम्ही म्हणालात, "चेंडू कुठं गेला होता रे?" त्याबरोबर पोराने सगळं सांगितलं. चेंडू अक्कांच्या ओट्याखाली गेला होता. तिथे वाघ्याची ॲल्युमिनियमची ताटली होती, वाघ्या खात होता. पोराने वाकून ताटली बाजूला ओढली आणि चेंडू घेतला. कुत्रा आधी गुरगुरला का, हे विचारल्यावर तो म्हणाला, "हो, पण मला वाटलं तो चेंडूला ओरडतोय."

यात पोराची काही चूक नाही. पुण्यात फ्लॅटमध्ये वाढलेलं 9 वर्षांचं लेकरू, त्याला खाणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीला हात लावायचा नसतो हे कुणी सांगितलं होतं? पण कुत्र्याच्या बाजूने पाहिलं तर त्याने आधी सूचना दिली, मग एकदाच तोंड घातलं आणि सोडून मागे झाला. इयान डनबर नावाच्या पशुवैद्याने कुत्र्यांच्या चाव्यांची सहा पायऱ्यांची एक पट्टी केलीय. पहिल्या पायरीवर नुसतं अंगावर येणं, दात लागत नाहीत. दुसरीवर दात लागतात पण कातडी फुटत नाही. तिसरीवर एकाच चाव्यात एक ते चार भोकं, सुळ्याच्या निम्म्याहून खोल नाहीत. चौथीपासून खोल जखम, धरून झटकणं. पाचवीवर अनेक चावे, सहावीवर मृत्यू. त्या पोराच्या हातावरच्या दोन खुणा, फोटोत दिसतात त्यावरून, तिसऱ्या पायरीच्या आहेत. हे थोडंथोडकं नाही, रक्त आलंय. पण चौथी नाही.

कुरिअरवाल्याची पँट पहिल्या-दुसऱ्या पायरीवर बसते. आणि तुम्ही जाता जाता एक मोलाची गोष्ट लिहिलीत, "गेल्या गणपतीत". गणपती म्हणजे भाद्रपद, आणि भाद्रपदातल्या कुत्र्यांबद्दल आपल्या भाषेत जे म्हणतात ते गुरुजींना सांगायला नको. त्या महिन्यात नर एकमेकांवर गुरकावतात, टोळीने फिरतात, हेल्मेट घातलेला अनोळखी माणूस गाडीवरून आला की पाठलाग करतात. वाघ्याचे कान बघा म्हटलं होतं, तुम्ही पाहिलेत. दोन्ही अख्खे, खाच नाही. म्हणजे त्याचं निर्बीजीकरण झालेलं दिसत नाही. झालेल्या कुत्र्याच्या कानाला ओळखीची खाच पाडतात.

तिसरी घटना मला सगळ्यात जास्त खटकते, आणि तुमच्या पत्रात नेमकी तिला एकच ओळ आहे. त्या बाईंना दात लागलाच नाही, म्हणून ती डनबरच्या पट्टीवर पहिल्याच पायरीवर बसते. पण हाड मोडलंय. रात्री दोनला पाणी सुटतं, बोळातला खांबावरचा दिवा गेले कित्येक महिने बंद, बायका हातात घागर आणि तोंडात मोबाइलचा टॉर्च धरून नळावर जातात. अशा अंधारात कुत्र्याला माणूस दिसत नाही, एक उजेड हलताना दिसतो आणि पत्र्याचा आवाज येतो. तो अंगावर येणारच. भुंकणारं कुत्रं चावत नाही ही म्हण ज्याने केली त्याला आपल्या नळावरची रांग ठाऊक नसावी. न चावताही माणसाचं मनगट मोडतं. हा धोका खरा आहे, आणि तो वाघ्याला उचलून गेल्याने जाणार नाही, कारण महिन्याभरात त्या मोकळ्या बोळात दुसरा कुत्रा येऊन बसेल. तो अक्कांना ओळखणार नाही आणि तुम्हालाही नाही.

मग या तिन्हींची बेरीज काय होते? माझ्या हिशेबाने वाघ्या चावलेला आहे, चावरा नाही. भित्रा आहे, आपल्या ताटलीचा आणि बोळाचा फार मालक झालाय. हिंस्र म्हणावा असा एकही पुरावा तुमच्या पत्रात नाही. म्हणून त्या अर्जावर सही करू नका.

मी कधी करा म्हणाले असते तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल ताई कुत्र्यांची वकील आहे. ताटली नाही, पिल्लं नाहीत, दगड मारलेला नाही, आणि सरळ चालत जाणाऱ्या माणसाला मागून येऊन चावला. किंवा धरून झटकलं. किंवा तोंडावर, मानेवर गेला. यातलं एक जरी झालं असतं तर मी तुम्हाला दोन ओळींत "करा" म्हणून कळवलं असतं. आणि आजपासून पुढे, बंदोबस्त करूनही पोराला पुन्हा दात लागला, तर कारण विचारत बसायला मी थांबणार नाही. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्या माणसांत सुमारे 40 टक्के 15 वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजी-आजोबांच्या बोळात सुट्टी घालवण्याचा हक्क पोराचा आधी, कुत्र्याचा नंतर.

एका शब्दावर मी एवढी का अडून बसले, तर त्या शब्दाला आता कायद्यात वजन आलंय. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत कुत्रा "धोकादायक" की नाही हे ठरवायला सुनावणी होते, साक्षी होतात, मालकाला बोलायची संधी असते आणि मग मुसकं बांधण्यापासून पुढचे आदेश निघतात. आपल्याकडे बोळातल्या कुत्र्यासाठी असं न्यायासन नाही. आपल्याकडे 2023 चे प्राणी जनन नियंत्रण नियम आहेत. त्यांप्रमाणे महापालिकेने कुत्रा पकडायचा, निर्बीजीकरण करायचं, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचलला तिथेच सोडायचा. 22 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम ठेवलं, पण दोन अपवाद घातले. रेबीज झालेला किंवा तसा संशय असलेला, आणि आक्रमक वर्तनाचा, असे कुत्रे परत सोडायचे नाहीत. आक्रमक कुणाला म्हणायचं याची मोजपट्टी त्या आदेशात नाही. म्हणजे उद्या पकडणारी गाडी तुमच्या बोळात येईल तेव्हा तिथल्या माणसाच्या हातात तुमचा अर्ज असेल, त्यात "हिंस्र" आणि "अनेकांना चावे" लिहिलेलं असेल, आणि खाली शाळामास्तरांची सही. तो बिचारा दुसरं काय समजणार? म्हणून अर्जात विशेषण घालूच नका. काय झालं, कधी झालं, कुठे झालं, एवढंच.

आणि कुणी "महापालिका करत नाही तर आपणच बघू" असं म्हणत भाकरीत काही कालवायची भाषा करत असेल, तर त्याला भारतीय न्याय संहितेचं कलम 325 दाखवा. प्राण्याला मारणं, विष घालणं, जायबंदी करणं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मी घाबरवायला लिहीत नाही. असं बोलणारा प्रत्येक बोळात एक असतो, तुमच्या 31 मध्येही असेल.

आता अक्का. त्या रडल्या म्हणून तुम्ही विरघळलात, ते तुमच्या पत्रात दिसतं. त्यांचंही चुकलंय, आणि ते त्यांना प्रेमाने पण स्पष्ट सांगायला हवं. पोरं जिथे खेळतात, बायका जिथून पाणी नेतात, तिथे ओट्याखाली दिवसभर ताटली पडून असते. कुत्रा त्या ताटलीची राखण करत बसतो. 2023 च्या नियमांतही म्हटलंय की खाऊ घालायची जागा जिने, ये-जा करायची दारं आणि मुलांच्या खेळायच्या जागेपासून लांब हवी आणि वेळ ठरलेली हवी. सर्वोच्च न्यायालय तर म्हणतं, ठरवून दिलेल्या जागीच घाला, रस्त्यात कुठेही नाही. तेव्हा ताटली बोळाच्या टोकाला, वॉर्डाने दाखवलेल्या जागी. सकाळी पोरं उठायच्या आत आणि रात्री उशिरा. वाघ्याचं खाऊन झालं की ताटली उचलून घरात. सुपात विडीची पानं घेऊन बसायच्या आधी हे काम उरकायचं, म्हणा. आणि गाडी आली की आडव्या पडायचं नाही. तोही आदेश आहे, पकडणाऱ्यांना अडवू नये.

बोळातल्या पोरांना तुम्ही पुन्हा एकदा ओळीत उभं करा. कुत्रा अंगावर आला की पळायचं नाही, झाड व्हायचं. हात छातीशी, नजर जमिनीवर, गप्प. खाली पडलात तर चेंडू व्हायचं, गुडघे पोटाशी, हात मानेवर. खाणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याकडे जायचंच नाही. पोरं हे खेळ म्हणून दोन दिवसांत शिकतात, मोठ्यांना वर्ष लागतं. आणि कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका, असंही सांगा. गुरगुरणं ही त्याची सूचना असते. मारून ती बंद केली की पुढच्या वेळी तो न सांगता चावतो.

तुमच्या काठीचं. बरोबर असू द्या, वयाला आधार हवाच. पण जमिनीवर आपटत जाऊ नका. तो तुम्हाला रोज रात्री काठीसकट बघतो, तुम्ही त्याला दातांसकट बघता. दोघंही एकमेकांना भिऊन बोळ अडवून बसलात. मीसुद्धा भावाच्या त्या दुपारनंतर वीसेक वर्षं कुत्रा दिसला की रस्ता बदलायची. बाळ्याच्या खंडोबाला गेले तर देवाच्या कुत्र्यालाही लांबून नमस्कार. तेव्हा भीती वाटते याची लाज बाळगू नका. फक्त ती अर्जात लिहू नका.

जुना अर्ज फाडू नका, लोकांना राग येईल. त्यांना म्हणा, मी सुधारून देतो, मास्तर आहे, शुद्धलेखनही बघतो. मग असा लिहा :

"रविवारी दुपारी साडेबाराच्या सुमारास आमच्या बोळातील वाघ्या नावाचा, तपकिरी पट्ट्यांचा भटका कुत्रा 9 वर्षांच्या मुलास हातावर चावला. त्या वेळी कुत्रा खात होता व मुलाने त्याची ताटली हलवली होती. मुलाचे लसीकरण सुरू आहे. कुत्रा दहा दिवस निरीक्षणाखाली होता व निरोगी आहे. याआधी कुत्रा एका कुरिअर कर्मचाऱ्यामागे लागला होता. रात्री पाणी भरताना तो अंगावर आल्याने एक महिला पडून तिचे मनगट मोडले. कुत्र्याच्या कानास खाच नाही. तरी त्याचे निर्बीजीकरण व रेबीज लसीकरण करून तो परत सोडावा, त्यास खाऊ घालण्यासाठी बोळाबाहेर जागा ठरवून द्यावी आणि बोळातील बंद दिवा सुरू करावा."

जुन्या अर्जावर सही केलेले यावरही करतील, दिव्याचं वाचल्यावर बायका आधी करतील. एक प्रत महापालिकेच्या इंद्रभुवनात आवक-जावकला देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्या. आणि पहिली सही अक्कांची घ्या. त्या तेलुगूत करतात, चालतं.